दाणा समुद्र ओलांडून आला, कुरण मागेच राहिले: गवती पोपटांच्या आहाराचा इतिहास

#इतिहास #थ्रेड

१/१६
महाराष्ट्रातील पाळीव पक्ष्यांच्या दुकानांत ‘लव्हबर्ड’ या नावाने विकले जाणारे लहानसे हिरवे, पिवळे, निळे पक्षी बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतातच. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे. हे बजरीगर, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्यांच्यासमोर राळ्याची वाटी ठेवली की पाळणाऱ्याचे कर्तव्य संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीची मुळे पावणेदोनशे वर्षांहून अधिक मागे जातात आणि तिने असंख्य पक्ष्यांचे आयुष्य कमी केले आहे.

२/१६
जमिनीवर उतरून गवताचे बी टिपणाऱ्या ऑस्ट्रेलियन पोपटांना एकोणिसाव्या शतकातील इंग्रज पक्षीपालकांनी ‘ग्रास पॅराकीट’, म्हणजे गवती पोपट, असे नाव दिले. बजरीगरलाही तेव्हा याच नावाने ओळखत. आज हे नाव मुख्यतः निओफेमा या प्रजातीतील सहा जाती आणि त्यांचा जवळचा नातलग बोर्क्स पॅरट यांच्यासाठी वापरले जाते. नावातच ‘गवत’ असल्याने खाद्याचा प्रश्न सुटला, असे सर्वांनाच वाटले. पण गवत म्हणजे केवळ वाळलेले बी नव्हे.

३/१६
ही गोष्ट ऑस्ट्रेलियातील आदिवासींना पूर्वापार ठाऊक होती. १८३५ मध्ये न्यू साउथ वेल्सचा सर्व्हेयर जनरल थॉमस मिचेल डार्लिंग नदीच्या प्रदेशात पोहोचला, तेव्हा त्याला मैलोगणिक उपटून रचलेल्या गवताच्या राशी दिसल्या. सुगीतल्या शिवाराची आठवण व्हावी असे ते दृश्य होते. दाणा पूर्ण सुकून मातीत गळण्याआधीच गवत उपटायचे, राशीत वाळू द्यायचे आणि एका जागी झडलेले बी वाटून त्याची भाकरी करायची, अशी ती रीत होती.

४/१६
मिचेलच्या मोहिमांतूनच गुलाबी छातीचा, संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात वावरणारा एक पोपट युरोपीय शास्त्राच्या नजरेस आला. गव्हर्नर रिचर्ड बोर्क यांच्या नावावरून त्याला बोर्क्स पॅरट म्हणू लागले. १८४१ मध्ये जॉन गूल्ड याने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. म्हणजे गवताचे बी केव्हा खुडावे हे जाणणारी माणसे आणि त्याच बियांवर जगणारा पक्षी एकाच संशोधकाच्या वाटेवर आले. या दोन नोंदींची सांगड मात्र घातली गेली नाही.

५/१६
गवताला वय असते. पाऊस पडला की कोवळी पाने येतात, मग कणीस धरते, दाणा दुधात भरतो, पिकतो, सुकतो, गळतो आणि पुढच्या सरीला त्याला मोड येतात. ज्वारीच्या दुधाळ, हिरव्या दाण्याला आपण हुरडा म्हणतो. गवती पोपटांसाठी अर्धपिके बी म्हणजे असाच हुरडा. वाळलेल्या दाण्यापेक्षा तो ओलसर आणि पचायला हलका. पावसामागे बी तयार होते, त्याच सुमारास अनेक जाती घरटी करतात आणि पिलांना भरवतात.

६/१६
आता जॉन गूल्डकडे वळू. लंडनचा हा पक्षीतज्ज्ञ पत्नी एलिझाबेथसह १८३८ मध्ये ऑस्ट्रेलियात आला. एलिझाबेथ उत्तम चित्रकार होती आणि तिचे भाऊ न्यू साउथ वेल्समध्ये स्थायिक झाले होते. देशाच्या अंतर्भागात गूल्डने बजरीगरांचे प्रचंड थवे पाणवठ्यांवर उतरताना पाहिले. मारलेल्या पक्ष्यांची अन्नपुटे, म्हणजे गळ्याखालच्या अन्नाच्या पिशव्या, गवताच्या बियांनी भरलेली आढळली. निरीक्षण अचूक होते. पण तेवढ्या दिवसांचे होते.

७/१६
१८४० मध्ये गूल्डने जिवंत बजरीगर इंग्लंडला आणले. त्या काळी हा शिडाच्या जहाजाचा कित्येक महिन्यांचा प्रवास होता. जहाजावर कोवळे गवत टिकणे शक्य नव्हते, हुरडाही नाही. टिकणार ते फक्त वाळलेले बी. शिवाय लंडनच्या बाजारात कॅनरी पक्ष्यांसाठी कॅनरी गवताचे बी आणि राळ्या-वरीच्या जातीची धान्ये आधीपासूनच विकली जात होती. अशा रीतीने नव्या पक्ष्याला जुन्या गिऱ्हाइकाचे ताट मिळाले. ते ताट पक्ष्याची गरज पाहून नव्हे, साठवणुकीची सोय पाहून ठरले होते.

८/१६
याच लंडनमध्ये दुसरे एक ज्ञान रस्त्यावर विकले जात होते. हेन्री मेह्यू याने १८५१ च्या सुमारास शहरातील गरिबांच्या व्यवसायांची सविस्तर नोंद केली. त्यात चिकवीड आणि ग्राउंडसेल ही रानटी तणे खुडून पिंजऱ्यातील पक्ष्यांसाठी विकणारे फेरीवाले आहेत, तसेच चंडोलाच्या पिंजऱ्यासाठी हिरवळीचे तुकडे कापून आणणारेही आहेत. पाळीव पक्ष्याला हिरवे लागते, हे गिऱ्हाइकांना आणि या फेरीवाल्यांना अनुभवाने कळलेले होते.

९/१६
मग परदेशी पोपटांच्या बाबतीत गाडे कुठे अडले? जाणते पक्षीपालक त्यांनाही पाला द्यायला सांगत. परंतु तो का द्यावा, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते, म्हणून तो ऐच्छिक लाड ठरला. त्यातच बजरीगर विलक्षण चिवट. रुक्ष प्रदेशात दुष्काळ काढलेला हा पक्षी नुसत्या कोरड्या बियांवर बराच काळ तग धरतो आणि पिलेही काढतो. त्याचे तगणे हाच त्या आहाराच्या योग्यतेचा पुरावा मानला गेला.

१०/१६
एकांगी आहाराची किंमत काय असते, हे मोकळ्या माळरानावरही दिसले. गवती पोपटांचा एक नातलग, पॅराडाइज पॅरट, गूल्डचा साहाय्यक जॉन गिल्बर्ट याने १८४४ मध्ये क्वीन्सलंडमध्ये मिळवला. वाळवीच्या वारुळात घरटे करणारा हा देखणा पक्षी जवळजवळ सर्वस्वी स्थानिक गवतांच्या बियांवर जगे. युरोपात त्याला मोठी मागणी होती, पण पिंजऱ्यात त्याचा वंश टिकला नाही. इकडे माळावर गुरे आली, वणव्यांची जुनी लय मोडली आणि १९०२ मध्ये भीषण दुष्काळ पडला. वर्षभर कोणते ना कोणते गवत बियांवर असण्याची साखळी तुटली.

११/१६
सिरिल जेरार्ड याने १९२२ मध्ये बर्नेट नदीच्या परिसरात या पक्ष्याची छायाचित्रे घेतली आणि १९२७ मध्ये तो पुन्हा पाहिला. ती शेवटची खात्रीशीर नोंद. त्यानंतर पॅराडाइज पॅरट कोणालाही निर्विवादपणे दिसलेला नाही. शिकार, पकड आणि अंड्यांचा संग्रह यांचाही या नाशात वाटा होता. पण ज्याचे ताट एकाच कुरणावर वाढलेले असते, तो कुरणाबरोबरच जातो, हा धडा या जातीच्या अंतातून मिळाला.

१२/१६
पाला का द्यावा, या प्रश्नाचे उत्तर कोंबड्यांकडून आले. १८९० च्या दशकात बटाविया, म्हणजे आजच्या जकार्ता येथे, डच वैद्य क्रिस्टियान आइकमान बेरीबेरीचा अभ्यास करीत होता. लष्करी रुग्णालयातील उरलेल्या पॉलिश केलेल्या तांदळाच्या भातावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले. नव्या आचाऱ्याने तो भात कोंबड्यांना नाकारला, साधा तांदूळ सुरू झाला आणि त्या बऱ्या झाल्या. पोट भरूनही उपासमार होऊ शकते, हे येथे दिसले. १९१२ मध्ये काझिमिर फंकने ‘व्हिटॅमिन’ हा शब्द रूढ केला. १९२९ मध्ये आइकमानला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

१३/१६
१९३० च्या सुमारास पाल्यातील आणि गाजरातील कॅरोटीनचे शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व बनते, हे सिद्ध झाले. वाळलेल्या बियांत ते जवळजवळ नसते. ते न मिळालेल्या पोपटांच्या नाका-तोंडातील आणि घशातील नाजूक अस्तर जाड होते व संसर्गाला वाट मिळते. लंडनच्या फेरीवाल्यांची हिरवी जुडी लाड नव्हती, औषध होते, याची शास्त्रीय कारणमीमांसा मेह्यूच्या नोंदींनंतर पाऊण शतकाहून अधिक काळाने हाती आली.

१४/१६
दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये बजरीगर घरोघरी पोहोचला आणि पशुवैद्यांसमोर गलगंड झालेले पक्षी येऊ लागले. बियांत आयोडीन अपुरे. त्यामुळे थायरॉइड ग्रंथी सुजून श्वासनलिकेवर दाब येई आणि पक्षी घरघर करीत श्वास घेई. कॅल्शियमअभावी माद्यांची अंडी अडकत. त्यासाठी पिंजऱ्यात टांगला जाणारा पांढरा तुकडा म्हणजे कटलफिशच्या पाठीचे कवच. आयुर्वेदात तेच समुद्रफेन नावाने ओळखले जाते. भरीला सूर्यफुलासारख्या तेलबिया आणि उडायला जागा नाही, म्हणून यकृतावर चरबी साचे.

१५/१६
हा प्रश्न आज एका संपूर्ण जातीच्या अस्तित्वाचा आहे. नारिंगी पोटाचा गवती पोपट फक्त नैर्ऋत्य टास्मानियात घरटी करतो आणि हिवाळ्यात समुद्र ओलांडून मुख्य भूमीच्या किनारी खाजणांतील वनस्पतींवर जगतो. २०१६ मध्ये मेलालुका येथील वीणस्थळी केवळ १७ रानटी पक्षी परतले. आता बंदिस्त पैदाशीतून वाढवलेले पक्षी तेथे सोडले जातात, पूरक खाद्याची मेजे मांडली जातात आणि जुन्या माळाचे काही भाग ठरवून जाळले जातात, कारण आगीनंतर उगवणाऱ्या नव्या वनस्पतींत बियांचे वैविध्य असते. ठरवून जाळण्याची ही रीत तेथील आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या पाळत होते.

१६/१६
भारतात देशी पोपट पाळण्यास कायद्याने मनाई आहे, म्हणून घरोघरी हे ऑस्ट्रेलियन पाहुणे दिसतात. त्यांच्यासाठी त्यांच्या कुरणाची थोडीफार भरपाई स्वयंपाकघरातूनच करता येते. बारीक धान्यांचे मिश्रण मोजून. त्यासोबत स्वच्छ धुतलेली कोथिंबीर किंवा मेथी, किसलेले गाजर, हंगामात राळ्या-बाजरीची हिरवी कणसे, मोड आलेले दाणे, समुद्रफेन आणि रोज ताजे पाणी. मोडांना बुरशी लवकर धरते, म्हणून उरलेले काही तासांतच काढावे. अॅव्होकॅडो कधीही देऊ नये. तो या पक्ष्यांना विषारी ठरतो. जन्मभर सुके बी खाल्लेला पक्षी नवे अन्न ओळखत नाही आणि एकदम बदल केल्यास उपाशी राहतो. बदल काही आठवड्यांत, हळूहळू करावा. वाटी वरून भरलेली दिसली तरी फुंकर मारून पाहावी, कारण बी सोलून खाणारा पक्षी टरफले वाटीतच टाकतो. अनेकदा वाटीत तेवढीच उरलेली असतात.