चाळिशीतला अंकुर

'चाळिशी' या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, आयुष्याचे चाळिसावे वर्ष. आणि दुसरा, त्या वर्षाच्या आसपास नाकावर येऊन बसणारा चष्मा. दोन्ही अर्थांमागे समजूत मात्र एकच आहे : आता नजर मंदावली, नवे काही पाहण्याचे दिवस सरले, हाती आहे ते सांभाळावे. या समजुतीला छेद देणारे एक चरित्र महाराष्ट्रात घडले. त्यातील निर्णायक क्षण एका ख्रिस्तचरित्राच्या दर्शनाने आला. म्हणून आपल्या वाचकांनी ते पुन्हा एकवार आठवावे, असे वाटते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका संस्कृतज्ञाच्या घरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला आणि बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण व मुद्रणाच्या प्रक्रिया ते शिकले. गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला, तर प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली व सोडली. 'फाळके' हे नाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोगही केले. लोणावळ्याला राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईशी संबंध आला. स्वतःचा छापखाना काढला. रंगीत छपाईचे तंत्र शिकण्यासाठी १९०९ साली जर्मनीची वारी केली. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि नावारूपाला आलेल्या छापखान्यातून फाळके बाहेर पडले. वय चाळिशीला टेकलेले, पदरी संसार आणि हाती काहीच नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी अशा गृहस्थाला 'धरसोड्या' म्हटले असते, तर त्यांना दोष देता आला नसता.

याच रिकाम्या काळात गिरगावातील 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस'मध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. तो १९१० चा नाताळ होता की १९११ चा ईस्टर, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. नाताळ म्हटला तर तो जन्माचा सण, ईस्टर म्हटला तर पुनरुत्थानाचा. फाळके यांच्या बाबतीत दोन्ही शोभतात. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी स्वतः १९१७ साली 'नवयुग' मासिकात लिहून ठेवले आहे. एका धर्माच्या श्रद्धाचित्राने दुसऱ्या धर्माच्या कलावंताला आपल्या परंपरेकडे नव्याने पाहावयास लावले, ही गोष्ट लहान नव्हे.

त्यानंतर त्यांना चित्रपटाचा ध्यास लागला. दिवसा वाचन आणि प्रयोग, रात्री चित्रपटगृह असा क्रम सुरू झाला. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दृष्टीच गेल्यासारखी झाली. उपचारांनी व चष्म्यांच्या साहाय्याने ती परत मिळाली. 'चाळिशी'चे दोन्ही अर्थ असे एकदमच त्यांच्या वाट्याला आले! पण थांबण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत त्यांनी लंडन गाठले. 'बायोस्कोप' या नियतकालिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत प्रत्यक्ष काम पाहून आणि विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून फाळके परतले.

भांडवल देणाऱ्यांना पटावे कसे? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचे एकेक चित्र टिपत महिनाभराहून अधिक काळ कॅमेरा चालविला. पडद्यावर ते रोप क्षणार्धात तरारून उठले आणि कर्ज देणारे पुढे आले. ज्याच्या वाढीला महिना लागतो ते पाहणाऱ्याला निमिषात उगवल्यासारखे वाटते. मध्यम वयात 'एकाएकी' यशस्वी झालेल्यांच्या बाबतीत आपलीही नेमकी हीच फसगत होते.

या उद्योगाचे निम्मे ओझे त्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाई यांनी वाहिले. त्यांनी अंगावरचे दागिने दिले. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करावयाचा आणि रात्री अंधारात फिल्मच्या कडांना भोके पाडावयाची, हे त्यांचे कष्ट पडद्यावर कोठेच दिसले नाहीत. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसविले. रोहिदास झाला तो फाळके यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. असा घरादाराच्या श्रमांतून उभा राहिलेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला. फाळके यांचा त्रेचाळिसावा वाढदिवस उलटून तीनच दिवस झाले होते.

यानंतरची कथा सर्वस्वी सुखाची नाही. १९१७ च्या 'लंकादहन'ने अमाप लोकप्रियता मिळविली. पण १९१८ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत भागीदारांशी पुन्हा बेबनाव झाला. फाळके काशीला गेले, तेथे 'रंगभूमी' नाटक लिहिले आणि पुन्हा परतले. बोलपटांच्या युगाशी त्यांचे सूर जुळले नाहीत. 'गंगावतरण' हा १९३७ चा बोलपट त्यांचा अखेरचा ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, काहीशा विस्मृतीतच, त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तो १९६९ साली.

तेव्हा मध्यम वयात नवी वाट धरणाऱ्याला हे चरित्र यशाची हमी देत नाही. ते वेगळेच काही सांगते. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण, रसायने, जादू : ज्या धंद्यांना धरसोड म्हणून हिणवता आले असते, त्यांतील एकही विद्या 'राजा हरिश्चंद्र' घडविताना वाया गेली नाही. विशीतला तरुण केवळ उमेदीवर प्रारंभ करतो. चाळिशीतल्या माणसाच्या गाठीशी फसलेल्या प्रयत्नांचेही भांडवल असते. मात्र हे भांडवल गुंतविताना तो एकटा नसतो. घरातील कोणीतरी आपले दागिने आणि आपली झोप त्यात घालीत असते. आपल्या परिचयातील एखादा गृहस्थ वा गृहिणी उतारवयाच्या उंबरठ्यावर नवे काही मांडू लागली, तर हसण्यापूर्वी कुंडीतला तो वाटाणा आठवावा. आणि टाळ्या वाजविताना, अंधारात बसून फिल्मला भोके पाडणाऱ्या हातांचा विसर पडू देऊ नये.