विषाणूमुळे सापडलेला प्रतिकारशक्तीचा लगाम

‘डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीतरी द्या,’ अशी मागणी अनेक जण करतात. पण प्रतिकारशक्तीला आवरणारी यंत्रणाही आपल्या शरीरात असते आणि तीही तितकीच गरजेची असते. त्यातल्या एका जनुकाच्या शोधाची ही गोष्ट.

1975 मध्ये गिडियन गोल्डस्टीन यांनी 76 अमिनो आम्लांच्या एका छोट्या प्रथिनाची माहिती प्रसिद्ध केली. ते जवळपास सगळीकडे आढळते म्हणून त्याचे नाव पडले युबिक्विटिन, म्हणजे सर्वव्यापी. नको असलेल्या प्रथिनावर पेशी युबिक्विटिनची चिठ्ठी चिकटवते आणि ते प्रथिन मोडीत निघते, हे पुढे कळले. या शोधाला 2004 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. चिठ्ठी चिकटवण्याचे काम करणाऱ्या प्रथिनांना युबिक्विटिन लायगेज म्हणतात.

1994 मध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांना कापोसी सार्कोमा या कर्करोगात एक नवा हर्पिस विषाणू सापडला. पेशीत विषाणू शिरला, की त्याचे तुकडे पृष्ठभागावर दाखवणारी एमएचसी नावाची प्रथिने आपल्याकडे असतात. हा विषाणू ती प्रथिने पृष्ठभागावरून आत ओढून नष्ट करतो, हे 2000 मध्ये दिसून आले. त्यासाठी तो स्वतःचे लायगेज वापरतो.

मग प्रश्न आला, असे लायगेज माणसातही असेल का? 2003 मध्ये जपानी संशोधकांना ते सापडले. लवकरच अशा जनुकांचे अख्खे कुटुंबच उघड झाले. त्याला नाव मिळाले ‘मार्च’.

त्यातले मार्च-1 हे रोगजंतूंची ओळख पटवून देणाऱ्या डेंड्रिटिक पेशींत आणि बी पेशींत काम करते. एमएचसी-2 आणि सीडी86 ही इशारा देणारी प्रथिने ते पृष्ठभागावरून सतत काढून घेते. धोका जाणवला, की डेंड्रिटिक पेशीत मार्च-1 कमी होते, प्रथिने पृष्ठभागावर टिकतात आणि टी पेशी जाग्या होतात.

गंमत म्हणजे एक्सेलमध्ये हे नाव टाकले, की त्याची ‘1 मार्च’ ही तारीख व्हायची! म्हणून 2020 च्या सुमारास जनुकाचे अधिकृत नाव मार्चएफ1 करण्यात आले.

हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत इशारा देणारी प्रथिने वाढली, पण त्यांच्या डेंड्रिटिक पेशींचे काम सुधारले नाही, उलट बिघडले. म्हणून ‘इम्युनिटी बूस्टर’च्या जाहिराती पाहताना लक्षात ठेवा: निरोगी प्रतिकारशक्तीला वेग लागतो, तसा लगामही लागतो.