ग्राँ-प्लासचा राखणदार

ब्रसेल्सच्या ग्राँ-प्लास चौकातून नगरभवनाच्या कडेने बाहेर पडणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी कमानींची एक लहानशी ओवरी आहे. तिच्या भिंतीत एव्हरार्ड त्सेर्क्लास या चौदाव्या शतकातल्या नगरवीराची पहुडलेली ब्राँझमूर्ती बसवली आहे. मूर्तीच्या दंडावरून हात फिरवला की भाग्य उजळतं, अशी समजूत असल्याने हातांनी घासून घासून तो दंड सोन्यासारखा लखलखीत झाला आहे. शेजारीच शिल्पकार व्हिक्टर रूसो यांनी १८९९ साली घडवलेला एक स्मृतिफलक आहे. त्याच्यापाशी फार कोणी थांबत नाही. ही ओवरी, तिच्यावरचं घर आणि समोरचा चौक ज्यांच्यामुळे आज या रूपात दिसतो, त्या शार्ल ब्युल्स यांचा तो फलक. गल्लीलाही त्यांचंच नाव दिलेलं आहे.

ब्युल्स १८३७ साली ब्रसेल्समध्ये सोनाराच्या घरात जन्मले. वडिलांचाच धंदा ते शिकले, आणि त्या कामात हात तयार व्हावा म्हणून पॅरिस आणि इटलीही फिरून आले.  जुनी कारागिरी ओळखणारी नजर त्या दिवसांची होती. सार्वजनिक जीवनात ते आले शिक्षणाच्या वाटेने. १८६४ साली स्थापन झालेल्या बेल्जियमच्या शिक्षण संघाच्या संस्थापकांत ते होते. उदारमतवादी पक्षाकडून १८७७ साली नगरसेवक, दोन वर्षांनी नगरपालिकेचे शिक्षणप्रमुख, आणि १८८१ च्या डिसेंबरात नगराध्यक्ष. त्या खुर्चीवर ते अठरा वर्षं होते.

त्यांच्या हाती आलेलं शहर नुकतंच उकरून निघालं होतं. आधीचे एक नगराध्यक्ष ज्यूल आन्स्पाक यांनी १८६७ ते १८७१ या काळात शहराच्या मधून वाहणारी सेन नदी जमिनीखाली गाडली आणि तिच्यावर पॅरिसच्या धर्तीचे सरळसोट हमरस्ते आखले. नदीचं पार गटार झालं होतं, १८६६ च्या पटकीत माणसं पटापट मेली होती, तेव्हा काही तरी करणं भागच होतं. पण त्या पायी हजाराहून अधिक घरं पडली आणि गरीब बिऱ्हाडं वस्तीबाहेर फेकली गेली. दुसरीकडे मारोल या गरिबांच्या वस्तीच्या डोक्यावर झोझेफ पुलार्त या वास्तुकाराचं अवाढव्य न्यायमंदिर उभं राहत होतं. त्याच्यापायी बेघर झालेल्यांच्या बोलीत ‘वाकडा आर्किटेक्ट’ ही एक शिवीच होऊन बसली.

ग्राँ-प्लासचा इतिहास त्याहून जुना, आणि जखमाही जुन्या. १६९५ च्या ऑगस्टमध्ये चौदाव्या लुईच्या फौजेने ब्रसेल्सवर तोफा डागल्या आणि शहराचा जवळपास तिसरा हिस्सा बेचिराख केला. नगरभवनाचा ९६ मीटर उंच मनोरा तेवढा तगला. चौकाभोवतीची घरं होती व्यावसायिकांच्या श्रेणींची. बेकर, बिअर बनवणारे, नावाडी यांनी चार-पाच वर्षांत ती पुन्हा उभी केली, तीही पहिल्याहून देखणी. नावाड्यांनी तर आपल्या घराचा माथा गलबताच्या पिछाडीसारखा घडवला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या लाटेत या श्रेणी बरखास्त झाल्या. घरं खासगी मालकांकडे गेली, नक्षीवर गिलावा चढला, पुतळे नाहीसे झाले.

ब्युल्स यांचं मोठेपण दिसतं ते त्यांनी यावर शोधलेल्या उपायात. एवढ्या वास्तू विकत घेण्याइतका पैसा नगरपालिकेकडे नव्हता, आणि मालकांना नुसता उपदेश करून काही होणार नव्हतं. १८८३ पासून नगरपालिकेने घरमालकांशी करार केले: घर तुमचं, पण दर्शनी भाग दुरुस्त करण्याची आणि पुढे कायम राखण्याची जबाबदारी आमची, बदल्यात त्या दर्शनी भागात तुम्ही मनमानी बदल करायचा नाही. मालकी खासगी राहिली आणि चौकाचा चेहरा साऱ्या गावाचा झाला. वारसाजतनाच्या इतिहासात इतक्या साध्या कागदाने इतकं मोठं काम क्वचितच केलं असेल.

सुरुवातीला सांगितलेलं ओवरीवरचं घर म्हणजे ‘तारा’, चौकातल्या सर्वांत लहान घरांपैकी एक. गल्ली रुंद करण्यासाठी ते १८५० च्या दशकात पाडण्यात आलं होतं. ब्युल्स यांनी १८९७ मध्ये ते पुन्हा बांधून घेतलं, पण तळमजला गाळून. तिथे कमानी ठेवल्या. वरचं घर परतलं, खालून माणसांना वाट मोकळी राहिली. रहदारी आणि स्मृती यांतलं एकच निवडलं पाहिजे, असं त्यांनी कधी मानलं नाही.

सेंट कॅथरीन चर्चजवळची जुनी घरं पाडताना शहराच्या पहिल्या तटाचा तेराव्या शतकातला एक बुरूज उघडा पडला. तोही जाणार होता. ब्युल्स मध्ये पडले, म्हणून ‘काळा बुरूज’ या नावाने तो आजही उभा आहे.

१८९३ साली त्यांनी ‘एस्थेतिक दे व्हील’ हे नगरसौंदर्यावरचं छोटं पुस्तक लिहिलं. व्हिएन्नाचे कामिलो सिटे यांनी चारच वर्षांपूर्वी असेच विचार मांडले होते. पण सिटे वास्तुकार होते, ब्युल्स रोज शहर चालवणारे. वाकड्या जुन्या रस्त्यांना त्यांची वळणं कारणाशिवाय मिळालेली नाहीत, आणि गरज नसताना ती सरळ करू नयेत, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या देवळाभोवतीची घरं पाडून ते मैदानात एकटं उभं करण्यालाही त्यांचा विरोध होता.

त्यांच्या काळातली सगळीच दुरुस्ती आजच्या कसोटीला उतरणार नाही, हेही मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. चौकातलं ‘राजाचं घर’ १८७३ मध्ये, म्हणजे त्यांच्या आधीच, पाडून नव्याने बांधायला घेतलं होतं. ते १८९६ मध्ये पुरं झालं. त्यातली गॉथिक शोभा बरीचशी एकोणिसाव्या शतकाच्या कल्पनेतली आहे. तरीही मला वाटतं, तो चौक त्या पिढीने हाती घेतला नसता, तर आज वाद घालायलाही काही उरलं नसतं.

शेवटची झुंज थेट राजाशी झाली. दुसऱ्या लिओपोल्डला वरचं आणि खालचं शहर जोडणाऱ्या उतारावर भव्य ‘कलांचा डोंगर’ हवा होता आणि त्यासाठी तिथली जुनी वस्ती हटवायची होती. ब्युल्स यांनी विरोध केला. तो निभला नाही, तेव्हा १८९९ च्या डिसेंबरात त्यांनी नगराध्यक्षपद सोडलं. वस्ती पाडली गेली. राजाची योजना मात्र त्याच्या हयातीत झालीच नाही. १९१० च्या जागतिक प्रदर्शनासाठी त्या मोकळ्या उतारावर तात्पुरती बाग केली गेली.

पद गेलं तरी काम थांबलं नाही. १९०३ साली नगरपालिकेने जुन्या ब्रसेल्सच्या अभ्यासासाठी समिती नेमली, तिचं अध्यक्षपद ब्युल्स यांच्याकडे आलं. समितीने जुन्या घरांची छायाचित्रं घेत त्यांची नोंद सुरू केली. जे वाचवता येणार नाही त्याची निदान आठवण तरी राहावी, हा हेतू. १९१४ च्या जुलैत ते वारले. पुढच्याच महिन्यात जर्मन फौजा ब्रसेल्समध्ये शिरल्या.

विसाव्या शतकात हे शहर त्यांचा धडा विसरलं. ब्युल्स पायउतार झाले त्याच वर्षी खुलं झालेलं, व्हिक्टर होर्ता यांनी बांधलेलं अप्रतिम ‘लोकगृह’ १९६५ मध्ये पाडलं गेलं. बेधडक पाडापाडीला नगररचनाकारांच्या भाषेत ‘ब्रसेल्सीकरण’ असा शब्दच रूढ झाला. त्या लाटेतही ग्राँ-प्लास शाबूत राहिला, आणि १९९८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत गेला.

कधी तिकडे जाणं झालं, तर त्सेर्क्लासच्या दंडावरून हात जरूर फिरवावा. मग दोन पावलं सरकून शेजारचा फलक वाचावा, आणि मान वर करून तळमजला नसलेलं ते लहानसं घर पाहावं.