उलट्या नावाचं बिऱ्हाड

धुळ्यात पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरलं की अभियांत्रिकीच्या पोरांच्या भाड्याच्या खोल्या लागतात. लॅपटॉप विंडोजचा, पण पडद्यावरच्या काळ्या चौकोनात उबंटू लिनक्स चाललेलं. ‘डब्ल्यूएसएल टाकलंय,’ एवढंच उत्तर मिळतं. पूर्ण नाव ‘विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स’. चालतं लिनक्स, आणि नावात पुढे विंडोज! त्यामागे कायदा आहे. ‘लिनक्स’ हा लिनस टोरवाल्ड्स यांचा ट्रेडमार्क, आणि परक्याच्या मालकीचं नाव आपल्या मालाच्या तोंडाशी लावता येत नाही.

‘सबसिस्टिम’ हा शब्द मात्र जुना. 1993 साली मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी आली, तेव्हा डेव्ह कटलर यांच्या चमूनं गाभा एकच ठेवून वेगवेगळ्या प्रोग्रामांसाठी वेगवेगळे दुभाषे, म्हणजेच सबसिस्टिम, नेमले होते. त्यांतला एक युनिक्सच्या वळणाच्या ‘पॉझिक्स’चा. तो काही हौसेनं ठेवलेला नव्हता. अमेरिकी सरकारच्या खरेदीची ती अट होती. बोलायचाही अटीपुरतंच.

2015 मध्ये अँड्रॉइडची ॲप विंडोज फोनवर चालवण्याचा ‘अॅस्टोरिया’ प्रकल्प निघाला आणि वर्षभरात गुंडाळलाही गेला. पण अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच, त्यामुळे झालेलं काम कामी आलं. मार्च 2016 मध्ये डब्ल्यूएसएल जाहीर झालं. 2001 साली याच मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं!

हा नवा दुभाषा कसा, ते खानदेशात समजावणं सोपं. कुणी अहिराणीत ‘कथा चालना?’ विचारावं आणि मधल्यानं ‘कुठे निघालास?’ करून पुढं द्यावं, तसं. लिनक्सचा प्रोग्राम ‘फाइल उघड’ म्हणे, हा ते विंडोजच्या गाभ्याला उमजेल असं करून सांगे. लिनक्सचा गाभा त्यात नव्हताच. रोजचं बोलणं निभायचं. हजारो बारक्या फायली आल्या की धाप लागायची, आणि डॉकरसारख्या साधनाची भाषा तर झेपायचीच नाही.

2019 मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीनं दुभाषाच काढला. एका हलक्या आभासी यंत्रात खराखुरा लिनक्स गाभा आणून बसवला. बिऱ्हाड आपली चूल घेऊन राहायला आलं. जुन्या अर्थाची सबसिस्टिम संपली, पाटी तेवढी राहिली. मे 2025 मध्ये डब्ल्यूएसएलचा बहुतेक सोर्स कोडही खुला झाला.

दोन घरांमधलं दार मात्र आता अरुंद झालंय. विंडोजकडची फाइल लिनक्समधून उघडायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो. म्हणून जाणती पोरं प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवत नाहीत, उबंटूच्या ‘होम’मध्येच ठेवतात.