१०१ सेकंद : वांद्र्याच्या समुद्रातलं जंबो जेट

हेडफोन नीट लावा, कारण आजची गोष्ट जेमतेम १०१ सेकंदांची आहे.

परवा संध्याकाळी मी वांद्र्याला बँडस्टँडवर बसलो होतो. अंधार पडला आणि समुद्र कुठे संपतो, आकाश कुठे सुरू होतं, काही कळेना. तेव्हा ही गोष्ट आठवली.

१ जानेवारी १९७८. रात्री साडेआठनंतर एअर इंडियाचं ८५५ क्रमांकाचं विमान सांताक्रूझहून दुबईला निघालं. बोइंग ७४७, नाव 'एम्परर अशोका'. एअर इंडियाचं हे पहिलं जंबो जेट, १९७१ साली ताफ्यात आलेलं. आत १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी.

विमान समुद्रावर आलं, उजवीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचं यंत्र मात्र 'अजून उजवीकडेच कललोय' असं दाखवत राहिलं. विमान किती कललंय हे दाखवणारं हे यंत्र म्हणजे काचेमागचं खोटं क्षितिज. खरं क्षितिज बाहेर काळोखात हरवलेलं. म्हणून कॅप्टनने विमान डावीकडे झुकवलं. आणखी झुकवलं. आपल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा अशा वेळी सहज फसते, त्यामुळे शरीरावरही भरवसा ठेवता येत नाही.

कॉकपिटमध्ये अशी तीन यंत्रं होती. फ्लाइट इंजिनिअरने कॅप्टनला सावध करायचा प्रयत्नही केला. पण तोवर वेळ निघून गेली होती. विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून साधारण ३ किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. २१३ जणांपैकी एकही वाचला नाही.

सुरुवातीला घातपाताचा संशय आला. चौकशीत मात्र बिघडलेलं यंत्र आणि त्यामुळे कॅप्टनचं सुटलेलं दिशाभान, असं कारण पुढे आलं. मृतांच्या नातेवाइकांनी अमेरिकेत विमान आणि यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा केला. १९८५ मध्ये कोर्टाने तो फेटाळला.

तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट. नाही ना!

२२ डिसेंबर १९९९, लंडनजवळचं स्टॅनस्टेड. कोरियन एअरचं मालवाहू विमान. पुन्हा ७४७, पुन्हा रात्र, पुन्हा कॅप्टनच्याच बाजूचं तेच यंत्र! आधीच्या फेरीतच बिघाड लक्षात आला होता. जमिनीवर दुरुस्तीही झाली, पण मूळ दोष दुसरीकडेच होता आणि तो तसाच राहिला. दोन यंत्रं जुळत नाहीत हे सांगणारा इशारा कॉकपिटमध्ये वाजत होता. फ्लाइट इंजिनिअर सांगत होता. को-पायलटसमोरचं यंत्र बरोबर होतं, पण तो गप्प राहिला. उड्डाणानंतर मिनिटभरातच चौघेही गेले.

मला हीच गोष्ट जास्त छळते. २१ वर्षांत इशारा देणारी यंत्रणा होती, पण साहेबाला 'सर, तुमचं चुकतंय' म्हणायची हिंमत नव्हती. तीही शिकवावी लागते. १९८१ पासून अमेरिकेत वैमानिकांना याचं रीतसर प्रशिक्षण मिळू लागलं : धाकट्याने स्पष्ट बोलायचं आणि थोरल्याने ऐकायचं. कोरियन एअरनेही या अपघातानंतर आपलं प्रशिक्षण बदललं.

आता विमानात बसलं की मी दोन गोष्टींचा विचार करतो. 'दुरुस्ती केली' आणि 'दोष सापडला' यात फरक असतो. आणि मशीन फार तर 'जुळत नाहीये' एवढंच सांगेल. तोंड उघडायचं काम शेवटी माणसाचंच.

तर मंडळी, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि कुठे काही चुकतंय असं दिसलं तर बोला!