राज्य गेलें, शब्द राहिले

उद्यां पाऊस पडावा अशी मनापासून इच्छा झाली, म्हणजे स्पेनमधील शेतकरी सहज 'ओहाला' असा उद्गार काढतो. तो निष्ठावंत कॅथलिक असेल, रविवारची प्रार्थना कधीं चुकवीत नसेल; परंतु या उद्गाराचा मूळ अरबी अर्थ 'अल्लाची इच्छा असती तर' असा आहे, हें त्याच्या ध्यानींमनींहि नसतें. ज्या लोकांना त्याच्या पूर्वजांनीं देशाबाहेर घालविलें, त्यांच्याच शब्दांत तो ईश्वराची करुणा भाकीत असतो. ही गंमत कशी घडली, हें थोडें पाहूं.

स्पॅनिश भाषेचा पिंड लॅटिनचा आहे. बाप, आई, भाकरी, पाणी यांचीं तिच्यांतील नांवें रोमन लोकांची देणगी होत. पण इ. स. ७११ मध्यें मुसलमानी सैन्य आफ्रिकेंतून सामुद्रधुनी ओलांडून आलें, आणि १४९२ च्या जानेवारींत ग्रानादा पडेपर्यंत, म्हणजे सुमारें पावणेआठशें वर्षें, त्या भूमीच्या कोणत्या ना कोणत्या भागावर अरबी बोलणाऱ्यांचें राज्य राहिलें. हा शेजार रोजच्या व्यवहारांत कसा मुरला, याची साक्ष तेथील स्वयंपाकघर देतें. ऑलिव्हच्या झाडाचें नांव 'ओलीवो' लॅटिनच राहिलें. त्याच झाडाचें फळ मात्र 'आथेइतूना' आणि तेल 'आथेइते'. हीं दोन्हीं नांवें अरबी. तेलाचा जुना लॅटिन शब्द 'ओलेओ' आतां मुख्यतः चित्रकाराच्या रंगांत व धर्मविधींच्या अभ्यंगांत उरला आहे. लॅटिन देव्हाऱ्यांत बसली, अरबी फोडणींत पडली!

साखरेस स्पॅनिशांत 'आथूकार' म्हणतात, तांदुळास 'आर्रोथ', कापसास 'आल्गोदोन'. या तिन्हीं शब्दांच्या आरंभीं जो 'आ' दिसतो तो अरबींतील 'अल्' या उपपदाचा अवशेष होय. स, झ, र यांसारख्या वर्णांपूर्वीं त्यांतील 'ल' लोपून पुढील वर्णाचें द्वित्व होतें. म्हणून 'अस्-सुक्कर' आणि 'अर्-रुझ्ज'. इटालियनांनीं हेच शब्द घेतले, पण उपपद गाळून: 'झुक्केरो', 'कोतोने'. यावरून असें दिसतें कीं, स्पॅनिश माणसानें हे शब्द ग्रंथांतून वेंचले नाहींत. शेजाऱ्याच्या तोंडून जसे कानीं पडले, तसे सबंध उचलले.

यांतील कांहीं शब्दांशीं आमचेंहि नातें आहे. संस्कृत 'शर्करा' इराणांतून अरबांकडे व तेथून स्पेनला पोंचली. 'नारंग' त्याच वाटेनें 'नारांहा' झालें. आणि 'चतुरंग' शतरंज होऊन शेवटीं 'आहेद्रेथ' या ओळखूं न येणाऱ्या रूपांत स्थिरावलें. त्या खेळांतील तिरप्या चालीच्या मोहऱ्यास आपण उंट म्हणतों, इंग्रज धर्मगुरु म्हणतात. स्पॅनिश माणूस 'आल्फील' म्हणतो. आपल्या पीलखान्यांतला हत्तीच तो! तेथील नगराध्यक्ष 'आल्काल्दे' म्हणजे आपला काजी, आणि जकातघर 'आदुआना' म्हणजे आपला दिवाण.

मात्र साम्य दिसलें कीं नातें जोडावें, हा मोह आवरला पाहिजे. 'आपण' या अर्थाचा 'उस्तेद' हा शब्द पाहून कोणासहि 'उस्ताद' आठवेल. परंतु तो 'आपली कृपा' या अर्थाच्या 'व्हुएस्त्रा मेर्थेद' या शुद्ध स्पॅनिश शब्दसमूहाचा झिजून झालेला अवशेष आहे. म्हणूनच त्याच्यापुढें क्रियापद तृतीय पुरुषाचें येतें.

आतां या इतिहासाची दुःखद बाजू. १५६७ मध्यें दुसऱ्या फिलिपच्या राजवटींत फर्मान निघालें कीं, ग्रानादाच्या बाटविलेल्या मुसलमानांनीं अरबी बोलूं नये, लिहूं नये. पुढल्याच वर्षीं तेथें बंड पेटलें. तें मोडलें गेलें, आणि १६०९ ते १६१४ या काळांत अशा सुमारें तीन लक्ष लोकांना, त्यांच्या कित्येक पिढ्या ख्रिस्ती म्हणून नोंदल्या गेल्या असतां, देशाबाहेर काढण्यांत आलें. नेमक्या त्याच धामधुमींत, १६११ सालीं, कोव्हार्रुबियास या धर्माधिकाऱ्याचा स्पॅनिश भाषेचा प्रसिद्ध कोश छापून निघाला; आणि त्यांत शब्दामागून शब्दाचें मूळ अरबी म्हणून नोंदलेलें आहे. बंदरावर माणसें गलबतांत भरलीं जात होतीं, आणि कोशकार त्यांचे शब्द घरांत मोजून घेत होता. वलेन्सियाच्या मळ्यांतून ज्यांनीं पाट वाहविले ते गेले. पाटाचें 'आथेकिआ' हें त्यांचें नांव राहिलें. दर गुरुवारीं तेथील मुख्य चर्चच्या दाराशीं शेतकऱ्यांची पाणीपंचायत आजहि भरते, आणि 'आथेकिआं'चे तंटे तोंडीं निकालांत काढते.

शिवछत्रपतींच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, हें आपणांस ठाऊक आहे. तेथें नव्या राज्याचा दफ्तरी व्यवहार स्वतःच्या शब्दांत चालावा, हा हेतु होता. प्रजेच्या घरांतील बोली बंद करण्याचा नव्हता. स्पेनच्या राजानें हात घातला तो थेट चुलीपर्यंत, आणि तेथेंच तो हरला. त्याला माणसें घालवितां आलीं, शब्द घालवितां आले नाहींत. कारण तोंवर ते परक्यांचे उरलेच नव्हते.

ज्याचें नांव ठाऊक नाहीं अशा माणसास स्पॅनिश लोक 'फुलानो' म्हणतात. आपण त्यालाच 'फलाणा' म्हणतों. दोन्हीं शब्द एकाच अरबी मूळाचे. त्या तीन लक्षांपैकीं बहुतेकांचीं नांवें आज कोणासहि सांगतां येणार नाहींत. स्पॅनिश माणसाला त्यांतल्या एकाचा उल्लेख करावयाचा झाला, तर त्याला 'फुलानो' असेंच म्हणावें लागेल. आणि तो शब्दहि त्याचाच असेल.