खेकड्याच्या पायातून बेडकाच्या मूत्रपिंडाकडे

बेडकाचे पिल्लू गोड्या पाण्यात वाढते. त्याच्या शरीरातील मीठ सतत बाहेर निसटू पाहते. ते राखण्याचे काम मूत्रपिंडातील सोडियम पंप करतो. या पंपाचा शोध मात्र मूत्रपिंडात लागला नाही.

डेन्मार्कमधील डॉ. येन्स स्कौ बधिर करणाऱ्या औषधांचा अभ्यास करीत होते. खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंत त्यांना एक विकर सापडले. सोडियम व पोटॅशियम दोन्ही असले, की ते जोमाने एटीपी फोडी. सोडियम पेशीबाहेर टाकण्याशी याचा संबंध असावा, असे त्यांनी १९५७ साली सुचवले.

पंपाच्या अल्फा उपघटकाच्या जनुकाचा क्रम १९८५ साली उलगडला. मग ते जनुक भ्रूणात कोठे चालू होते, हे त्याच्या आरएनएला रंग देऊन पाहता येऊ लागले. झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या भ्रूणाला प्रत्येक बाजूस एकच मूत्रनलिका असते. ती आकार घेत असतानाच तिच्यात अल्फा व बीटा उपघटकांची जनुके चालू झालेली आपल्याला दिसतात. पंप तयार असल्याशिवाय गाळलेले मीठ परत कसे मिळणार?

स्कौ यांना १९९७ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ‘खेकड्याचा पाय कशाला तपासायचा?’ असे विद्यार्थ्याने विचारले, तर आपण त्याला हा चाळीस वर्षांचा प्रवास सांगू या.